उभ्या गाडीत झोपलेला माणूस चालक ठरतो का?

गेल्या हिवाळ्यात आमच्या घरातल्या एका लग्नाचा स्वागत समारंभ इंदूरच्या बायपासवरील एका मॅरेज गार्डनात झाला. बडोद्याहून स्वतःची गाडी घेऊन आलेला माझा भाचा मित्रांमध्ये बसून यथेच्छ प्यायला आणि मध्यरात्रीनंतर, आपल्या मते मोठा शहाणपणा करून, गाडी घरी न आणता सर्व्हिस रोडच्या कडेला उभ्या असलेल्या त्या गाडीतच झोपला. थंडी होती, म्हणून त्याने इंजिन चालू ठेवून हीटर लावला आणि चालकाच्याच सीटची पाठ मागे पाडून डोळे मिटले. तीनच्या सुमारास काचेवर टॉर्चची टकटक झाली. तो दचकून उठला आणि आधाराला म्हणून त्याने स्टिअरिंग धरले. बाहेरच्या हवालदाराचा पहिला प्रश्न होता, "भैया, गाड़ी कौन चलाकर लाया?"

दहा मिनिटांनी माझा फोन वाजला. "मामा, मी तर झोपलो होतो. झोपणे हा गुन्हा आहे का?"

इंदूरच्या न्यायालयात बरीच वर्षे वकिली करूनही मला या प्रश्नाचे एका शब्दात उत्तर देता आले नाही. झोपणे हा गुन्हा नाही, हे खरे आहे. परंतु झोपलेला माणूस कोणत्या सीटवर होता, इंजिन चालू होते की बंद, गाडी त्या जागी कधी आणि कोणी आणली, आणि ती जागा कोणत्या राज्यात येते, या प्रश्नांच्या उत्तरांवर तोच माणूस कधी निर्दोष ठरतो, तर कधी आरोपी.

प्रथम केंद्रीय कायदा पाहू, कारण तो देशभर सारखाच आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम १८५ नुसार, वाहन "चालवत असताना किंवा चालवण्याचा प्रयत्न करत असताना" ज्याच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळतो, तो दोषी ठरतो. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, आणि त्यापुढच्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा पंधरा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर लागू आहे. त्याआधी पहिल्या वेळचा दंड दोन हजारांपर्यंतच होता. हे प्रकरण रस्त्यावर पावती फाडून मिटत नाही. तडजोडीने मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांची जी यादी कलम २०० मध्ये आहे तीत १८५ नाही, त्यामुळे न्यायालयात उभे राहावेच लागते. गुन्हा जामीनपात्र आहे, एवढाच काय तो दिलासा.

या कलमातील दोनच क्रियापदांकडे वाचकांनी नीट पाहावे. चालवणे आणि चालवण्याचा प्रयत्न करणे. "गाडीत असणे", "गाडी ताब्यात असणे" किंवा "किल्ली खिशात असणे" असे काहीही त्यात लिहिलेले नाही. गाडीत दारू पिऊन झोपलेला माणूस चालवत नाही हे उघड आहे. म्हणून सगळा वाद दुसऱ्या शब्दावर, म्हणजे प्रयत्नावर, येऊन थांबतो.

प्रयत्न कोठे सुरू होतो हे आपल्या न्यायालयांनी अनेकदा ठरवले आहे, आणि त्यातले एक उदाहरण वाहनाचेच असल्यामुळे येथे चांगले लागू पडते. पंजाबातून भाताची पोती परवान्याशिवाय दिल्लीकडे नेणारा एक ट्रक १९६१ साली समालखा नाक्यावर अडवण्यात आला. राज्याबाहेर धान्य नेण्याचा प्रयत्न केला म्हणून खटला झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाचे म्हणणे असे पडले की राज्याची हद्द अजून दूर होती, ट्रक तेथूनही परत फिरू शकला असता, म्हणून ही केवळ तयारी आहे, प्रयत्न नव्हे. तयारीला शिक्षा नाही, प्रयत्नाला आहे. हाच मापदंड आपल्या गाडीला लावला, तर मागच्या सीटवर शाल पांघरून झोपलेला माणूस तयारीसुद्धा करत नाही. चालकाच्या सीटवर बसलेला, इंजिन चालू असलेला, पण पाठ मागे टाकून घोरणारा माणूसही माझ्या मते प्रयत्न करत नाही. मात्र तसे न्यायाधीशांसमोर सिद्ध होईपर्यंत त्याची एक रात्र, एक सकाळ आणि बऱ्याच तारखा गेलेल्या असतात. डोळे उघडून स्टिअरिंग धरलेल्या आणि गिअरकडे हात नेणाऱ्या माणसाची बाजू मांडणे तर त्याहून कठीण.

माझ्या भाच्याची स्थिती नेमकी या दोन टोकांच्या मध्ये होती.

शिवाय पोलिसांना प्रयत्न सिद्ध करण्याची गरज नेहमीच पडते असे नाही. त्यांच्या दृष्टीने अधिक सोपा प्रश्न तोच, जो हवालदाराने सर्वप्रथम विचारला: गाडी येथे आणली कोणी? एखादा माणूस पिऊन चार किलोमीटर गाडी चालवतो, मग डोळे मिटू लागले म्हणून कडेला थांबून झोपतो. त्याचा गुन्हा त्या चार किलोमीटरमध्येच घडून गेलेला असतो आणि नंतरच्या झोपेने तो पुसला जात नाही. बॉनेट गरम आहे का, गाडी वेडीवाकडी उभी आहे का, टोलनाक्यावर फास्टॅगची नोंद किती वाजताची आहे, चौकातल्या कॅमेऱ्यात गाडी दिसते का, गाडीत दुसरा कोणी आहे का, यांवरून ते जुळवले जाते. याच्या उलट, गाडी संध्याकाळी आणून उभी केली, नंतर माणूस प्यायला आणि नंतर येऊन झोपला, असा क्रम असेल तर केंद्रीय कायद्याखाली त्याच्याविरुद्ध सांगण्यासारखे फारसे उरत नाही. पार्किंगची वेळ छापलेली पावती, हॉटेलच्या दारावरच्या माणसाने दिलेले टोकन, अशा क्षुल्लक वाटणाऱ्या कागदांना अशा वेळी मोल येते.

इंजिनाविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण बहुतेक लोकांचे पाऊल येथेच चुकते. चालकाच्या सीटवर बसून इंजिन चालू ठेवले, तर प्रयत्नाचा संशय येतो, म्हणून काही हुशार मंडळी इंजिन व एसी चालू ठेवून मागच्या सीटवर झोपतात. त्यांनी याच कायद्याचे कलम १२६ वाचलेले नसते. सार्वजनिक ठिकाणी वाहन उभे ठेवायचे असेल, तर एक तर चालकाच्या सीटवर परवानाधारक माणूस बसलेला हवा, नाही तर यंत्र बंद करून ब्रेक लावलेला किंवा वाहन आपोआप हलणार नाही अशी अन्य व्यवस्था केलेली हवी, असे ते कलम सांगते. म्हणजे पुढे बसून इंजिन चालू ठेवले तर १८५ चा संशय, आणि मागे झोपून चालू ठेवले तर १२६ ची अडचण, जिचा दंड सर्वसाधारण कलम १७७ खाली पहिल्या वेळी पाचशे रुपयांपर्यंत आहे. पाचशे रुपयांनी कोणाचे दिवाळे निघत नाही. पण दोन्ही कलमांमधून सुटण्याची वाट एकच आहे आणि ती म्हणजे इंजिन बंद. काचा लावून, इंजिन चालू ठेवून झोपण्यात कार्बन मोनॉक्साइडचा जो धोका असतो तो कायद्याच्या पुस्तकाबाहेरचा आहे, पण त्यातून जामीन मिळत नाही. बंद गॅरेजमध्ये तर तसे कधीच करू नये.

आता पोलीस काय करू शकतात ते पाहू. गणवेशातील पोलीस अधिकारी सार्वजनिक ठिकाणी वाहन चालवणाऱ्या किंवा तसा प्रयत्न करणाऱ्या माणसाला, वाजवी संशय असल्यास, ब्रेथ ॲनालायझरमध्ये फुंकायला सांगू शकतो, असे कलम २०३ म्हणते. झोपलेल्या प्रत्येकाला उठवून फुंकायला लावण्याचा अधिकार या शब्दांत बसत नाही, असा युक्तिवाद वकील करतात आणि तो पोकळ नाही. तथापि चालू इंजिन आणि स्टिअरिंगवरचा हात हे वाजवी संशयाला पुरेसे आहे असे समोरची बाजू म्हणणार, हेही धरून चालावे. फुंकण्यास नकार देणे ही युक्ती नव्हे. नकार दिला आणि मद्य घेतल्याचा संशय असला, तर विना वॉरंट अटक होऊ शकते, पोलीस ठाण्यात नेऊन डॉक्टरांकरवी रक्ताचा नमुना मागता येतो आणि सबळ कारण नसेल तर तो नकार कलम २०५ नुसार आरोपीच्या विरोधात जमेस धरता येतो. स्त्री असेल तर रक्ताचा नमुना स्त्री डॉक्टरने किंवा, डॉक्टर पुरुष असल्यास, एखाद्या स्त्रीच्या उपस्थितीतच घेणे बंधनकारक आहे. आणखी एक तरतूद सर्वांना ठाऊक असावी: कलम १८५ साठी अटक केलेल्या माणसाची वैद्यकीय तपासणी अटकेपासून दोन तासांच्या आत झाली नाही, तर कलम २०२ प्रमाणे त्याला कोठडीतून सोडावे लागते. म्हणून अटक किती वाजता झाली हे शांतपणे विचारून फोनमध्ये टिपून ठेवावे. वाद घालून हे काम होत नाही.

भाच्याच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी निघू शकल्या असत्या, पण निघाल्या नाहीत. मध्य प्रदेशात दारूच्या दुकानांना लागून असलेले अहाते, म्हणजे बसून पिण्याच्या जागा, १ एप्रिल २०२३ पासून बंद झाले, तेव्हापासून दुकानातून बाटली घ्यायची आणि कोपऱ्यावर गाडी लावून आतच प्यायची, ही पद्धत इंदुरात बोकाळली आहे. गाडीचे दार बंद केले म्हणजे आपली खासगी जागा झाली, असे या मंडळींना वाटते. उघड्यावर पिणाऱ्यांविरुद्ध आबकारी कायद्याखाली होणारी कारवाई रस्त्यावरच्या गाडीतही होते. ग्लास, सोडा आणि शेवेची पुडी डॅशबोर्डवर मांडलेली असेल तर सांगण्यासारखे काही उरत नाही. दुसरे, प्यालेला माणूस सार्वजनिक ठिकाणी इतरांना उपद्रव होईल असा वागला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५५ खाली चोवीस तासांपर्यंत साधी कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा समाजसेवा अशी शिक्षा होऊ शकते. जुन्या दंड संहितेत हा दंड दहा रुपये होता. शांत झोपलेला माणूस या कलमात येत नाही. उठवल्यावर हवालदाराला शिव्या देणारा येतो. आणि गाडी महामार्गाच्या कडेला, दिवे बंद करून, अर्धी डांबरावर उभी केली असेल, तर मागून येणाऱ्याच्या जिवाचा प्रश्न उभा राहतो; सार्वजनिक मार्गात अडथळा केल्याबद्दल त्याच संहितेच्या कलम २८५ खाली पाच हजारांपर्यंत दंड आहे, आणि अपघात झालाच तर प्रकरण दंडावर थांबत नाही.

येथपर्यंत सगळे इंदूरचे झाले. भाच्याला मात्र दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला बडोद्याला निघायचे होते, आणि माझी खरी काळजी तेथून सुरू झाली.

इंदूरहून धार, झाबुआ करत पिटोलला गुजरातची हद्द लागते आणि दाहोद, गोध्रा, हालोलवरून बडोदा येते. डांबर एकच असते, पण हद्द ओलांडताच गाडीत झोपण्याचा कायदेशीर अर्थ बदलतो. मुंबई प्रांताचा १९४९ चा दारूबंदी कायदा १९६० मध्ये राज्य वेगळे झाल्यावर गुजरातमध्ये तसाच चालू राहिला, आणि २०११ मध्ये त्याच्या नावातील मुंबई जाऊन गुजरात आले. बडोदा संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले तेही १९४९ च्या मे महिन्यात, म्हणजे संस्थान गेले आणि दारूबंदी आली ही एकाच वर्षातली गोष्ट. त्या कायद्यात प्रश्न गाडी चालवण्याचा नसतोच. परवान्याशिवाय पिणे, जवळ बाळगणे आणि वाहून नेणे हाच कलम ६६(१)(ब) खाली गुन्हा आहे. कलम ८५ त्यापुढे जाते: रस्त्यावर, सार्वजनिक ठिकाणी किंवा जेथे लोकांना जाता येते अशा जागी जो स्वतःला सांभाळू न शकण्याइतका प्यालेला असेल, जो दारूच्या अमलाखाली गैरवर्तन करील, किंवा जो परवाना नसताना नुसता नशेत आढळेल, तोही शिक्षेस पात्र ठरतो. बडोद्यात पकडलेल्यांच्या गुन्ह्यात ६६(१)(ब) आणि ८५ हे आकडे हटकून जोडीने येतात, आणि माणूस गाडी चालवत असला तर मोटार कायद्याचे १८५ त्यांच्या शेपटीला लागते. थोडक्यात, किल्ली घरी ठेवून मागच्या सीटवर इंजिन बंद करून झोपलेला, इंदुरात जवळजवळ निर्धास्त असलेला माणूस, बडोद्याच्या अलकापुरीतल्या एखाद्या गल्लीत तसाच सापडला तर थेट आरोपी होतो. गाडीत झोपून सुरक्षित राहण्याची युक्ती तेथे चालत नाही.

पुण्या-मुंबईच्या वाचकांनी यावर फार हसू नये. तोच १९४९ चा कायदा नाव बदलून महाराष्ट्रातही जिवंत आहे. तेथे परवान्यांची सोय सढळ आहे एवढाच फरक.

गुजरातच्या कायद्यातील ०.०५ टक्क्यांच्या आकड्याबद्दल बराच गैरसमज आहे. रक्तातील मद्यार्क ०.०५ टक्के, म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम किंवा अधिक निघाला, तर आपण घेतले ते औषध किंवा तत्सम कायदेशीर द्रव्य होते हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर येतो, असे कलम ६६(२) सांगते. त्याखाली पिण्याची मुभा आहे असा याचा अर्थ नाही. त्याखाली सिद्ध करण्याचे ओझे सरकारी पक्षाच्या खांद्यावर राहते, इतकेच. तोंडाला वास येतो, चाल अडखळते, बोलणे तुटक आहे, एवढ्यावरून दारूबंदी कायद्याखालील गुन्हा सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये म्हटले आहे. त्यामुळे रक्ताच्या तपासणीला तेथे सर्वाधिक महत्त्व आहे.

"पण मी तर इंदुरात प्यायलो, गुजरातेत नाही," असे भाचा म्हणाला. युक्तिवाद म्हणून वाक्य चांगले आहे. पिण्याच्या गुन्ह्यापुरते ते लागूही पडेल, कारण गुजरातचा कायदा इंदूरच्या टेबलावर पोहोचत नाही. परंतु कलम ८५ माणूस कोठे प्यायला हे विचारत नाही, तो कोठे सापडला हे विचारते. बिहारच्या दारूबंदीबाबत असाच वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. झारखंडातून पाटण्याकडे जाणाऱ्या एका खासगी गाडीतील लोकांना २०१६ मध्ये राजौली नाक्यावर थांबवले गेले. गाडीत बाटली मिळाली नाही, पण श्वासाच्या तपासणीत मद्य निघाले. खासगी गाडी ही सार्वजनिक जागा नव्हे आणि आम्ही बिहारबाहेर प्यायलो, हे दोन्ही बचाव न्यायालयाने २०१९ मध्ये नाकारले. सार्वजनिक रस्त्यावरच्या गाडीपर्यंत लोक पोहोचू शकतात, म्हणून त्या कायद्यापुरती तीही सार्वजनिक जागाच, असा निकाल आला. निकाल बिहारच्या कायद्यातील व्याख्येवर आहे आणि गुजरातचे शब्द वेगळे आहेत, हे वकील म्हणून मी नमूद करतो. पण मामा म्हणून भाच्याला मी त्या भरवशावर पिटोल ओलांडू दिले नसते.

इंदूर-बडोद्याच्या बऱ्याच घरांतील मुले आता परदेशात आहेत, म्हणून तिकडचेही थोडे. इंग्लंडमध्ये मर्यादा आपल्यापेक्षा सैल, १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम, पण तेथील १९८८ च्या कायद्यात चालवणे आणि प्रयत्न करणे यांच्या जोडीला तिसरा शब्द आहे, तो म्हणजे गाडी ताब्यात असणे. पिऊन गाडीत झोपलेला आणि किल्ली जवळ असलेला माणूस त्यात सहज अडकतो. नशा उतरण्याआधी आपण गाडी चालवण्याची शक्यता नव्हती, हे त्यानेच दाखवायचे असते. कॅनडात तर चालकाच्या सीटवर सापडणेच तुमच्या विरोधात धरले जाते आणि गाडी हलवण्याचा हेतू नव्हता हे तुम्हाला सिद्ध करावे लागते. अमेरिकेत प्रत्येक राज्याची तऱ्हा निराळी आहे. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये, इंजिन चालू ठेवून नीट उभ्या केलेल्या गाडीत झोपलेल्या माणसाबाबत, गाडी हलल्याशिवाय चालवणे होत नाही असे ठरवले. पण इतर कित्येक राज्यांत गाडीवर प्रत्यक्ष नियंत्रण असणे एवढेच पुरते. इंटरनेटवर "गाडीत झोपलात तरी गुन्हा" असे जे सरसकट वाचायला मिळते, ते बहुधा या राज्यांविषयी लिहिलेले असते. ते वाचून इंदुरात कोणी गाडीत झोपायला घाबरला आणि त्याऐवजी गाडी चालवत घरी गेला, तर त्याच्यासारखा दुर्दैवी वाचक नाही.

आता पहाटे साडेपाचचा हिशेब. आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये साधारण ४२.८ टक्के मद्यार्क असतो. साठ मिलिलिटरच्या एका मोठ्या पेगात म्हणून सुमारे वीस ग्रॅम शुद्ध मद्यार्क पोटात जातो. सत्तर किलोच्या पुरुषाच्या रक्तात त्यामुळे प्रमाण चाळीस मिलिग्रॅमच्या आसपास चढू शकते, म्हणजे रिकाम्या पोटी घेतलेला एक मोठा पेगही ३० ची मर्यादा ओलांडू शकतो. साडेसहाशे मिलिलिटरची आठ टक्क्यांची स्ट्राँग बिअर ही तर अशा दोन पेगांच्या बरोबरीची असते. "मी फक्त बिअर घेतो" हे वाक्य यंत्राला समजत नाही. उतरण्याचा वेग मात्र ताशी पंधरा मिलिग्रॅमच्या आसपास, आणि तो काळ्या कॉफीने, थंड पाण्याच्या आंघोळीने किंवा सकाळच्या पोहे-जिलेबीने वाढत नाही. भाच्याने आठ ते बारा या वेळात पाच मोठे पेग घेतल्याचे कबूल केले होते. कागदावर मांडले तर मध्यरात्री दीडशेच्या घरात, तीन वाजता शंभरच्या वर, आणि साडेपाचला अजून सत्तरच्या आसपास. ज्याचे यकृत मंद चालते त्याला तीसच्या खाली यायला दुपारही होईल. पोटात अन्न किती होते, वजन किती, यांवर हे आकडे वरखाली होतात, म्हणून कोणी त्यांचा काटेकोर आधार घेऊ नये. पण झोप झाली म्हणजे दारू उतरली, ही समजूत किती फसवी आहे ते यावरून कळते. रात्रभर कायद्याच्या बाजूला राहिलेला माणूस सकाळी सहाला किल्ली फिरवतो आणि सरळ कलम १८५ मध्ये शिरतो. गाडीत झोपण्यातला सर्वांत मोठा धोका माझ्या अनुभवाने हाच आहे, आणि तो रात्री येत नाही.

विम्याचेही तसेच. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात, चालक दारूच्या अमलाखाली असेल तर भरपाई नाही, अशी अट सर्रास असते. दिल्लीत २००७ साली पहाटे झालेल्या एका अपघाताच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये असे ठरवले की, श्वासाची किंवा रक्ताची तपासणी झालेली नसली तरी परिस्थितीवरून चालक नशेत होता असे विमा कंपनी दाखवू शकते. म्हणजे फौजदारी खटल्यातून सुटलेला माणूसही वर्कशॉपचे बिल स्वतःच्या खिशातून भरू शकतो.

त्या रात्री मी रिक्षा करून बायपासवर पोहोचलो तेव्हा पावणेचार झाले होते. यंत्राने अपेक्षेप्रमाणे भरपूर दाखवले होते. भाच्याने एक गोष्ट बरी केली होती, ती म्हणजे वाद न घालता किल्ली काढून हवालदाराच्या हातात दिली होती. मी एवढेच म्हणालो की गाडी सात वाजल्यापासून येथून हललेली नाही. आणि फोनवर वरातीचा व्हिडिओ लावून दाखवला. घोडीच्या मागे, बँडवाल्यांच्या दिव्यांच्या उजेडात, जीजे ०६ क्रमांकाची ती पांढरी गाडी त्याच विजेच्या खांबाशेजारी उभी होती आणि शेजारी भाचा, अजून शुद्धीत, फेटा बांधून घेत होता. हवालदाराने व्हिडिओ दोनदा पाहिला, खांबाकडे पाहिले, आणि किल्ली भाच्याला न देता माझ्याकडे दिली. "इनको घर ले जाओ. गाड़ी सुबह मँगवा लेना." कायद्याच्या पुस्तकातून त्याला आणखी दोन-तीन कलमे काढता आली असती. त्याने ती काढली नाहीत, आणि प्रत्येक रात्री प्रत्येक हवालदार असाच भेटेल असे कोणी गृहीत धरू नये.

सकाळी गाडी माझ्या मुलाने आणली. भाचा साडेपाचला काही निघाला नाही. जेवण झाल्यावर अडीच वाजता निघाला. त्याआधी बडोद्याहून ताईचा फोन आला. रात्रीचा प्रकार तिला कोणी सांगितला नव्हता, पण चाळीस वर्षे तेथे संसार केलेल्या बाईने पहिला प्रश्न विचारला तो असा: "डिकी बघितलीस का रे?" मी फाटकाशी जाऊन डिकी उघडायला लावली. मिठाईच्या खोक्यांखाली, टॉवेलात गुंडाळलेल्या दोन बाटल्या होत्या, मित्रांची भेट. त्या घेऊन पिटोल ओलांडला असता तर परवान्याशिवाय दारू आणण्याचा आणि वाहून नेण्याचा गुन्हा झाला असता, आणि रात्री सुटलेली गाडी दाहोदच्या नाक्यावर मुद्देमाल म्हणून जमा झाली असती. बाटल्या माझ्याकडे राहिल्या आणि मिठाई बडोद्याला गेली.